पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण कौतुकाने वापरत नाही. ज्याला स्वतःचे घर नाही, ज्याच्या मुक्कामाचा भरवसा नाही, अशा माणसाबद्दल बोलताना ती येते. तिच्यात थोडी कीव असते, थोडा उपहास असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हेच बिऱ्हाड अभिमानाचा विषय झाले आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या सोसायट्यांमधून सुटीत बाहेर पडणारी तरुण मंडळी पाहा. पाच दिवस हिमाचल, चार दिवस केरळ, तीन दिवस दापोली. आणि सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक. आजी दारात उभी राहून ‘एवढंच?’ म्हणून विचारते. तिच्या प्रश्नात काळजी असते, तर नातवाच्या उत्तरात हमखास थोडी फुशारकी.

या ‘एवढंच’चा हिशेब इथे मांडायचा आहे. एका सॅकमध्ये सुटी कशी बसवावी हा त्यातला सोपा भाग. तोही पुढे येईल. अवघड प्रश्न दुसरा आहे. जे सामान आपण नेत नाही, ते कुठे जाते? पाठीवरचे ओझे उतरले म्हणजे ते नाहीसे झाले असे होत नाही. बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर किंवा हातावर गेलेले असते. एकट्याची करामत वाटणाऱ्या हलक्या प्रवासामागे एक व्यवस्था असते, आणि ती व्यवस्था कोणती हे ओळखल्याशिवाय त्या प्रवासाचे मोल कळत नाही.

कान्हेरीचे आठ जिन्नस

उपनगरांतला कमी सामानाचा सर्वांत जुना धडा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच आहे. कान्हेरीच्या काळ्या पाषाणात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे लेणी खोदली जात होती. त्यांची संख्या शंभरावर आहे. तिथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना स्वतःजवळ किती वस्तू बाळगता येतील याचा नियम होता. परंपरेने त्या आठ मोजल्या जातात: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. हे अष्टपरिष्कार घेऊन भिक्षू पावसाळ्याचे महिने सोडून वर्षभर फिरू शकत असे. आजच्या कोणत्याही सॅकवाल्याची यादी याहून लांब असते.

पण लेणी नीट पाहिली की दुसरी बाजू दिसते. लेण्याशेजारी पाण्याची टाकी आहे, म्हणून भिक्षूला पाणी साठवायला भांडी लागत नाहीत. निजायला कोरलेला ओटा आहे, म्हणून अंथरुणाचे ओझे कमी. ही लेणी आणि पोढी कुणी दिली ते तिथल्या शिलालेखांत कोरलेले आहे. कल्याण, सोपारा अशा बंदरांतले व्यापारी आणि गृहस्थ दात्यांमध्ये आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा लेख तर हा व्यवहार आकड्यांत सांगतो. त्याने तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा एक टक्का व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा खर्च. म्हणजे भिक्षूच्या अंगावर तीनच वस्त्रे असली तरी चौथे वेळेवर मिळेल याची सोय विणकरांच्या श्रमांतून आणि ठेवीच्या व्याजातून आधीच झालेली होती. भिक्षूचा त्याग खरा होता आणि तो निभावणारी माणसेही खरी होती. विशेष म्हणजे त्या काळाने ती माणसे दगडावर नोंदवून ठेवली.

वारीतही हेच दिसते. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर आज पताका असते, गळ्यात टाळ असतात, फार तर एक पडशी. त्याचे अंथरूण, कपड्यांची पिशवी, तंबू, शिधा आणि मोठी पातेली दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी गेलेली असतात. दिंडीत भिशी असते, स्वयंपाकाच्या पाळ्या असतात, सामान चढवणारे-उतरवणारे असतात. मोकळ्या हातांनी टाळ वाजवता यावेत म्हणून केलेली ही विभागणी आहे, आणि ती कुणी लपवत नाही.

वळकटी ते सॅक

मग मधल्या काळात आपले प्रवासी एवढे सामान का वाहत होते? कारण त्यांच्या वाटेवर अशी व्यवस्था नव्हती. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात सामानाची एक वेगळीच कथा दडलेली आहे. जवळची कमाई वाटेत लुटली गेली. अखेर घरी पोचले ती गंगाजलाची कावड. तिने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्या प्रवासात काय टिकेल याची शाश्वती नाही, त्या प्रवासात माणूस जमेल तेवढे बरोबर घेतो आणि शेवटी जे सर्वांत महत्त्वाचे तेच सांभाळतो.

रेल्वे आली आणि वाट सुरक्षित झाली, पण मुक्कामाच्या ठिकाणी गादी मिळेल याची खात्री अजून नव्हती. धर्मशाळेत जमीन मिळे, नातेवाइकांकडे ओसरी. म्हणून वळकटी आली. जरा बरी ऐपत असेल तर होल्डॉल. पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा हे सगळे त्या काळी गरजेचेच होते. रेल्वेच्या नियमांत तो काळ अजून जिवंत आहे. शयनयान डब्यातल्या प्रवाशाला आजही ४० किलो सामान मोफत नेता येते, साध्या दुसऱ्या वर्गात ३५, वातानुकूलित पहिल्या वर्गात ७०. चौघांच्या कुटुंबाला शयनयानातून दीड क्विंटलहून जास्त सामान नेण्याची मुभा आहे! विमानाचा हिशेब अगदी उलटा. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला हातातले सामान साधारण ७ किलोंपर्यंत नेता येते. आपल्या मध्यमवर्गाला चाळीस किलोंवरून सात किलोंवर यायला एक पिढी लागली.

ही पिढी सात किलोंवर आली ती निव्वळ विमानामुळे, असे मात्र म्हणता येत नाही. उपनगरांत दोन गुरू आधीपासून होते: लोकल आणि सह्याद्री.

लोकलची मोजपट्टी

लोकल स्थानकात वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्या वेळात उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर येतो आणि चढणाऱ्यांचा आत जातो. या दोन लोंढ्यांमधून जी वस्तू अंगाला चिकटून जाऊ शकते तेवढीच वस्तू उपनगरी माणसाचे सामान होऊ शकते. हातात धरलेली सुटकेस तिथे लोकांच्या गुडघ्यांवर आपटते. चाकांची बॅग पुलाच्या जिन्यावर उचलूनच घ्यावी लागते. पाठीवरची सॅकसुद्धा डब्यात शिरताना छातीवर घ्यायची असते, नाहीतर मागून ‘बॅग पुढे घ्या’ असा आवाज येतोच. तोक्योच्या गाड्यांतही पाठीवरची बॅग पुढे घेण्याचा शिष्टाचार आहे. गर्दी सगळीकडे सारखेच शिकवते. जागा असेल तर सॅक रॅकवर जाते आणि उतरताना न विसरता खाली येते. रोज हे करणाऱ्या माणसाला सुटीचे सामान किती असावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

घरानेही यात भर घातली. वन रूम किचनमध्ये मोठी सुटकेस ठेवायची कुठे? ती पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखरामागे. ती काढायची म्हणजे स्टूल आणि घरातला उंच माणूस हवा. सॅक दारामागच्या खुंटीला असते.

पण लोकलच्या प्रवाशाचा हलकेपणाही कुणाच्या तरी डोक्यावर उभा होता. १८९० च्या सुमारास मुंबईत डबेवाल्यांची व्यवस्था सुरू झाली. तिच्यामुळे बोरिवलीचा किंवा घाटकोपरचा कारकून सकाळच्या गर्दीत मोकळ्या हातांनी चढू शकला. त्याचा डबा दोनएक तासांनी निघे आणि मालडब्यातून, तीस-चाळीस डब्यांच्या लाकडी पाटीत, डबेवाल्याच्या डोक्यावरून येई. कारकुनाचे अर्धा-पाऊण किलो ओझे वाचले. ते एका माणसाच्या डोक्यावर चाळीस पटींनी जमा झाले. या व्यवस्थेचे कौतुक जगभर झाले ते तिच्या अचूकपणासाठी. तिच्या वजनाकडे त्या मानाने कमी लोकांनी पाहिले.

शनिवारची शेवटची गाडी

दुसरा गुरू सह्याद्री. कल्याणला मध्य रेल्वेचा मार्ग फुटतो. एक फाटा थळ घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला जातो, दुसरा बोर घाटाच्या पायथ्याशी कर्जतला. मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला दोन्हींकडे जाणारी लोकल थेट मिळते. अंधेरी-बोरिवलीकर दादरला गाडी बदलत. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्यांना दुसरी वाट मिळाली. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीत बसायचे, पहाटे एसटी किंवा जीप धरायची, दिवसभर गड पाहायचा आणि रविवारी रात्री परतायचे, हा उपनगरी तरुणांचा दोन-तीन पिढ्यांचा परिपाठ आहे. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ स्थापन झाली. मुलुंडमध्ये ‘चक्रम हायकर्स’सारखी संस्था उभी राहिली. अशा संस्थांच्या मोहिमांत ‘रकसॅक’ हा शब्द घासून ‘सॅक’ झाला. मूळ जर्मन शब्दात पाठ आणि पोते असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने पाठ गाळून पोते ठेवले.

या मोहिमांत ओझ्याचा एक फार शहाणा नियम होता आणि आजही आहे. सामानाचे दोन भाग करायचे: वैयक्तिक आणि सामाईक. वैयक्तिक म्हणजे आपले कपडे, पांघरूण, ताट-पेला, विजेरी. सामाईक म्हणजे तांदूळ-डाळ, टोप, स्टोव्ह, रॉकेल, दोर, प्रथमोपचाराची पेटी. निघण्यापूर्वी सामाईक सामान सगळ्यांत वाटले जाते. कुणाकडे कांदे-बटाटे, कुणाकडे टोप. टोपात परत आपले मोजे. स्वतःचे सामान ज्याने कमी आणले त्याच्या वाट्याला सामाईक जास्त येते, आणि यात कुणी तक्रार करत नाही. हलकी सॅक म्हणजे इथे दुसऱ्याचे काही घ्यायला ठेवलेली जागा.

आता गडांच्या पायथ्याशी, काही ठिकाणी माथ्यावरही, गावकरी जेवणाची सोय करतात. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत, राजमाचीच्या उधेवाडीत पिठलं-भाकरी मिळते. त्यामुळे सॅकमधून टोप गेला, स्टोव्ह गेला, शिधा गेला. गावात चार पैसे आले ही चांगली गोष्ट. पण हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर जो चहा मिळतो त्याची साखर कुणीतरी पाचनईच्या वाटेने वर वाहिलेली असते. शनिवारी-रविवारी गर्दी वाढली की तिथल्या माणसांच्या डोक्यावरचे वजनही वाढते. म्हणून चहाचा भाव खालच्यापेक्षा जास्त असला की घासाघीस करू नये; तो फरक वाहतुकीचा आहे, आणि ती वाहतूक आपल्या सॅकमधून त्यांच्या डोक्यावर गेलेली आहे.

वजन कुठे बसते

सॅकमुळे वजन सुसह्य का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. खांद्याला अडकवलेल्या पिशवीचे वजन एका बाजूला ओढते आणि तोल सावरायला कमरेला उलट बाजूला वाकावे लागते. दोन पट्ट्यांची पिशवी हा ताण दोन्हींकडे वाटते, पण सगळे वजन खांद्यांवरच राहते. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी याने आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली आणि त्यांना कमरेचा पट्टा लावला. चौकट आणि पट्टा मिळून वजन खांद्यांवरून नितंबाच्या हाडांवर नेतात आणि तिथून ते थेट पायांवर जाते. आपल्याकडे बायका घागर कडेवर घेतात ती याच हाडाच्या आधाराने.

यातून भरण्याचे नियम निघतात. जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर ठेवाव्यात. बाहेरच्या कप्प्यात जड वस्तू ठेवली की सॅक मागे ओढते आणि आपण पुढे वाकून चालतो. तळाशी रात्री लागणारे कपडे, वरच्या भागात दिवसा लागणारे. कमरेचा पट्टा आधी आवळावा, खांद्याचे नंतर.

किती वजन घ्यावे याचा अंदाज शाळेच्या दप्तरावरून बांधता येतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये असे ठरवले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. वाढत्या हाडांसाठी ही मर्यादा आहे. मोठ्या माणसाने सुटीवर जाताना तीच पाळली तर साठ किलोंच्या माणसाला सहा किलो मिळतात. विमानाच्या सात किलोंच्या ते जवळच आहे.

सहा किलोंचा संसार

आता प्रत्यक्ष यादी. रिकामी सॅक सव्वा किलोच्या आसपास असावी; चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सातांतले निम्मे बॅगेचेच. दोन जोडी वरचे कपडे ४०० ग्रॅम, एक हलकी विजार ३५०, आतले कपडे आणि मोज्यांचे तीन जोड ३५०, झोपायचे कपडे ३००, वाऱ्या-पावसाचे जाकीट ३५०, चपला ३५०, अंघोळीचे सामान ४००, औषधे १५०, चार्जर आणि पॉवर बँक ४००, एक पुस्तक ३००, एक पंचा १५०. बेरीज पावणेपाच किलोंच्या आसपास. त्यात एक लिटर पाणी म्हणजे आणखी एक किलो. सहा किलोंत संसार बसला.

या यादीचे तर्कशास्त्र थोडक्यात असे. सुटी कितीही दिवसांची असो, कपडे तीन दिवसांचेच घ्यायचे: एक अंगावर, एक धुऊन वाळत घातलेला, एक हाताशी. चौथ्या दिवशी पुन्हा पहिला. यासाठी कपडा रात्रीत वाळला पाहिजे. इथे जीन्स नापास होते. ती पाऊणएक किलोची असते आणि कोकणातल्या दमट हवेत दोन दिवस ओली राहते. जाड टॉवेल नापास होतो. पंचा पहिल्या नंबराने उत्तीर्ण होतो. प्रवासासाठी म्हणून जे महाग ‘क्विक ड्राय’ टॉवेल मिळतात त्यांचे काम आपला पंचा पूर्वीपासून करत आला आहे. शिवाय तो उन्हात डोक्याला बांधता येतो, त्यात जांभळे बांधून आणता येतात आणि प्रसंगी झोळीही होते.

सर्वांत जड कपडे आणि बूट अंगावर घालावेत. पावसाळ्यात सॅकवर बाहेरून घातलेले आवरण पाठीकडून उघडेच असते, तिथून पाणी आत जाते; म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिक पिशवी घालून तिच्यात कपडे ठेवावेत. परदेशी जात असाल तर हातातल्या सामानातले तेल, शांपू, लोणचे १०० मिलिलिटरच्या बाटलीत हवे. २००६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आल्यापासून हा नियम आहे. पॉवर बँक उलट हातातल्या सामानातच हवी.

आणि ‘असू दे, लागेल कदाचित’ या वाक्याचे काय करायचे? त्याला दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू तिथे अर्ध्या तासात मिळेल का? नाही मिळाली तर सुटी बिघडेल का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल तरच ती घ्यावी. छत्री, कंगवा, साबण यात गळतात. रोजची औषधे, चष्मा, ओळखपत्र राहतात. इन्सुलिन घेणाऱ्याने ते कायम स्वतःजवळच्या सॅकमध्ये ठेवावे.

अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय हिने १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली ती एका लहानशा हातपिशवीनिशी. अंगावरचा पोशाख हाच एकमेव पोशाख. पण शाई, दौत, टाक आणि कागद तिने सोडले नाहीत, कारण ती बातमीदार होती. एक चैनही तिने केली: कोल्ड क्रीमची बरणी. त्या बरणीने पिशवीत किती जागा अडवली याची तक्रार तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रत्येकाला अशी एक बरणी क्षम्य आहे. फक्त ती एकच असावी.

मराठी माणसासाठी आणखी एक कलम. सॅक निघताना पाऊण भरावी. जाताना त्या रिकाम्या पावात नातेवाइकांसाठी चिवडा-लाडू जातात आणि येताना आमसुले, काजू, कुळथाचे पीठ येते. हे ओझे नाकारणे कुणालाच जमलेले नाही, आणि ते नाकारू नये.

विंचवीण काय वाहते

इथवरचा हिशेब एकट्या माणसाचा झाला. कुटुंबाचा हिशेब केला की चित्र बदलते. चौघे सुटीला निघाले आहेत. बाबांची सॅक पाच किलोंची, मुलाची चार, मुलीची चार. आणि आईकडे एक मोठी बॅग. तिच्यात काय असते? बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाला गाडी लागते म्हणून आवळासुपारी, सगळ्यांच्या तापाची औषधे, सुई-दोरा, नेलकटर, सुरी, मीठ-मिरपूड, चादर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वाटेतल्या खाण्याचा डबा. तिघांनी ‘लागले तर आईकडे असेल’ या भरवशावर गाळलेल्या वस्तू एका बॅगेत गोळा झालेल्या असतात. तिघांची सॅक हलकी झाली ती अशी. आणि प्रवासात ‘आईला किती सामान लागतं!’ हा विनोदही तेच तिघे करतात.

सामान भरण्याचे कामही वजनातच धरायला हवे. कुणाचे काय धुवायचे, काय वाळले, कुणाची गोळी संपत आली, हे डोक्यात वागवणे किलोत मोजता येत नाही. परत आल्यावर चारही सॅकमधले कपडे धुणाऱ्याचे श्रमही यात आले. हॉटेलचा टॉवेल वापरला तर तोही कुणीतरी धुतलेला असतो.

आता ती म्हण पुन्हा पाहू. विंचू पाठीवर सामान वाहत नाही. पिल्ले जन्मली की ती आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. म्हणजे म्हणीतले बिऱ्हाड हा खरे तर विंचविणीचा लेकुरवाळेपणा आहे. आपण ती म्हण घरदार नसलेल्या पुरुषाला लावली आणि वाहणारी मूळ मादी विसरलो.

पाठीवरची पिल्ले उतरल्यावर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. एम्मा गेटवूड या बाईने अकरा मुले वाढवली, नवऱ्याची मारहाण सोसली, घटस्फोट घेतला आणि १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, अपलाचियन पायवाट एकटीने एका हंगामात पूर्ण केली. अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त. पायांत कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. हलक्या सामानाने फिरणारे आज तिला आपली आजी मानतात. काय टाकून देता येते हे तिला आयुष्यभर वाहून कळले होते. तिच्याही वाटेवर दारे उघडून जेवू घालणारी माणसे होती, हेही तितकेच खरे.

हमालीचा प्रश्न

मग सगळ्यांनी सगळे स्वतःच वाहावे का? माथेरानचे उदाहरण घ्या. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापासून पुढे लाल मातीच्या वाटेवर सुटकेसची चाके चालत नाहीत, म्हणून ती हमालाच्या डोक्यावर किंवा घोड्यावर जाते. सॅकवाला पर्यटक नाक्यावरून थेट चालू लागतो. त्याने कुणाला राबवले नाही हे खरे. पण हमालाची त्या दिवसाची एक खेप गेली हेही खरे. ओझे वाहून घेणे यात पाप नाही. त्याचा भाव ठरलेला असावा, तो दिला जावा आणि वाहणारा दिसावा, एवढे पुरे आहे. उषवदाताचे व्याज, दिंडीची भिशी, डबेवाल्याचा महिना हे सगळे ठरलेले भाव आहेत. भाव ठरलेला नाही तो आईच्या बॅगेचा.

तिच्यासाठी उपाय गिर्यारोहकांच्या नियमातच आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या सॅक हॉलमध्ये एकत्र उघडाव्यात. वैयक्तिक सामान बाजूला करावे. उरलेले, म्हणजे औषधे, चादर, खाऊचा डबा, सुरी, सुई-दोरा, हे सामाईक सामान आहे असे सर्वांनी मान्य करावे आणि वाटून घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या ज्याच्या आहेत त्याच्या सॅकमध्ये. डबा सर्वांत तरुण पाठीवर. परतल्यावर आपापली सॅक आपणच रिकामी करावी. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर किंवा वजनाच्या यंत्रावर चारही सॅक मोजाव्यात. चौघांचे आकडे शरीराच्या मानाने जवळपास आले, तर ‘एवढंच?’ या आजीच्या प्रश्नाला घरातल्या प्रत्येकाला खरे उत्तर देता येईल.